नुसतं वरण वाढवून भागत नाही

वरच्या कमेंटमध्ये ताईंनी लिहिलंय की स्नायू अन् साखर सांभाळायला जेवणात प्रोटीन वाढवलं तर वजनं उचलायची गरज नाही. मला अर्धंच पटलं. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू घेतात, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही ती आत ओढू शकतो. पेशीतलं ग्लूट-४ नावाचं वाहक प्रथिन त्यासाठी पृष्ठभागावर येतं. हे वाटीभर वरणाच्यानं होत नाही. वरण माल पुरवतं. स्नायूच्या बांधकामाचा हुकूम वजन उचलल्यावर सुटतो.

आपल्याकडची गंमत बघा. विदर्भभर सोयाबीन-तूर पिकते अन् आपण नागपूरकर सकाळी तर्री-पोह्यांवर. तर्रीतले चणे मोजा एकदा, दहा-बारा निघतील! मी ६८ किलोचा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबानं रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त. दोन अंडी १२, ५० ग्रॅम सोयावडी २५च्या आसपास, बाकी डाळ-दही-पोळीतून.

अंबाझरी तलावाच्या फेऱ्या मी वर्षानुवर्षं मारल्या. चांगल्याच त्या, पण जिना चढताना मांड्या थरथरायच्या. आता आठवड्यातून दोनदा डंबेल्स अन् बैठका. चार महिन्यांत पँट कमरेत ढिली झाली, वजनकाटा मात्र जागचा हलला नाही. सुरुवातीला हिरमुसलो होतो, मग लक्षात आलं, चरबी घटून स्नायू वाढले की काटा हलत नाही.

अन् हो, किडनीचा त्रास असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर प्रोटीन अन् व्यायाम, दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच.