मर्लिनच्या खोलीत मगर की सुसर? आणि त्या खोलीला म्हणायचं काय?

कातरवेळ
भाच्याला (वय ९) रोज रात्री टी. एच. व्हाइटच्या १९३८ सालच्या ‘द सोर्ड इन द स्टोन’मधलं थोडं थोडं तोंडी मराठीत करून सांगतेय. काल वॉर्ट, म्हणजे लहानपणीचा राजा आर्थर, पहिल्यांदा त्याचा विझर्ड गुरू मर्लिनच्या स्टडीत शिरतो तिथपर्यंत आलो. चामड्यात बांधलेली हजारो पुस्तकं, पेंढा भरलेले पक्षी, आढ्याला टांगलेली पेंढा भरलेली मगर, आर्किमिडीज नावाचं बोलणारं घुबड. मी ‘मर्लिनची अभ्यासिका’ म्हटलं तर भाचा लगेच, ‘‘दादा जातो तसली?’’ त्याचा दादा पुण्यात एमपीएससी करतो, नारायण पेठेत महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत बसतो, दोन्ही बाजूंना प्लायवूड, वर ट्यूबलाइट, कानात बोळे. आता भाच्याच्या डोळ्यासमोर मर्लिन तिथे बसलाय. तर स्टडीला काय म्हणू? नुसतं ‘खोली’ म्हटलं तर सगळा नूरच जातो. आणि जाता जाता, मी ‘मगर’ म्हटल्यावर आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘सुसर म्हण, सुसर!’’ कोण बरोबर?

जुना_कोश
‘अभ्यासिका’ शब्दात काही खोट नाही. पेठेतल्या लोकांनी त्याची पाटी लावली म्हणून तो आपण टाकून द्यायचा का? अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करत राहणं, योगसूत्रांत अभ्यास आणि वैराग्य जोडीनं येतात, मर्लिनला याहून चपखल काय हवं. तुमचा भाचा आज दादाची अभ्यासिका बघतोय, उद्या मर्लिनची बघेल, शब्द असेच रुंद होतात. मला खटकणार आहे ते पुढचं, तुम्ही मर्लिनला ‘जादूगार’ म्हणत असाल तर. जादू फारसी, गार फारसी. ऐंद्रजालिक म्हणा, मायावी म्हणा.

घाटमाथा
काका, ऐंद्रजालिक म्हटल्यावर नऊ वर्षांच्या मुलाला काय दिसणार? काहीच नाही. आणि जादू परकी म्हणून हाकलताय पण ती वैदिक ‘यातु’ची, म्हणजे जादूटोण्याची, सख्खी बहीण आहे, ऋग्वेदातले जादूटोणा करणारे यातुधान आठवा, पारशांच्या अवेस्तातही यातु आहेच, तेच इराणात जादू झालं आणि फिरून आपल्याकडे आलं. माहेरी आलेल्या मुलीला परकी म्हणता का? माझी अडचण वेगळी आहे, जादूगार म्हटलं की मला काळा कोट आणि टोपीतून निघणारा ससा दिसतो, जादूगार रघुवीरांचे प्रयोग बघत मोठी झालेली पिढी आमची. मर्लिन तसा नाही. मांत्रिक म्हणावं तर पेपरातली बातमी, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यापासून तो शब्द पोलीस ठाण्यातच जास्त ऐकू येतो. मी ‘किमयागार’ला मत देईन. किमया अरबी, गार फारसी, मला चालतं.

कागदी_होडी
शब्दाआधी वस्तू बघा ना! त्या खोलीतली एकही गोष्ट शोभेची नाही. जर्मन चित्रकार ड्यूररनं १५१४ साली दोन एन्ग्रेव्हिंग (तांब्यावर कोरून छापलेली चित्रं) केली, एकात संत जेरोम आपल्या खोलीत लिहीत बसलाय, खिडकीशी कवटी, मागच्या भिंतीवर वाळूचं घड्याळ, छताला चक्क एक भोपळा टांगलेला, पुढ्यात सिंह आणि कुत्रा निवांत पडलेत. दुसरं ‘मेलेंकोलिया’, त्यातही वाळूचं घड्याळ, तराजू, घंटा, आणि कशीही बेरीज केली तरी ३४ येणारा आकड्यांचा चौकोन, ज्याच्या सगळ्यात खालच्या ओळीत १५ आणि १४ शेजारी शेजारी बसवून त्यानं सालसुद्धा घातलंय. म्हणजे संताची खोली आणि किमयागाराची खोली यांचं सामान जवळजवळ एकच! कवटी म्हणते तू मरणार आहेस, घड्याळ म्हणतं लवकर मरणार आहेस, आणि पुस्तकं म्हणतात तोवर वाच. आता हे मराठीत आणायचं तर कवटी आपल्याकडे कुठे असते? विजेच्या डीपीच्या जाळीवर, ‘धोका’ लिहिलेल्या पाटीवर. मुलाला कवटी म्हणजे शॉक बसेल एवढंच कळणार.

जुना_कोश
वाळूचं घड्याळ कशाला म्हणता, ‘घटिकापात्र’ आहे ना आपलं.

कागदी_होडी
घटिकापात्र म्हणजे पाण्यात सोडायची भोक पाडलेली वाटी हो, ती भरली की बुडते. म्हणून तर ‘घटका भरली’ म्हणतो आपण. लग्नाच्या मुहूर्ताला ठेवायचे ती. वाळूचं घड्याळ रिकामं होत जातं आणि घटिकापात्र भरत जातं, अर्थ शेवटी एकच पण चित्र नेमकं उलटं. ड्यूररच्या भिंतीवर घटिकापात्र टांगता येणार नाही.

घाटमाथा
हे भारी निरीक्षण आहे, मला कधी सुचलं नव्हतं.

कवटीवरून आठवलं, अशा खोल्यांत तो स्फटिकाचा गोळाही हवाच. त्याला मराठीत सगळे ‘स्फटिकगोल’ लिहितात, पण हे काम करणारी आपली वस्तू म्हणजे अंजन. माझी आत्या पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. तिच्या लहानपणी गावात कुणाची सोन्याची पुतळ्यांची माळ गेली की तिला घेऊन जायचे, अंगठ्याच्या नखाला तेलातलं काजळ फासायचे, कंदिलासमोर बसवून विचारायचे काय दिसतंय. आत्या सांगायची, ‘‘मला माझाच डोळा दिसायचा, बारका, काळा, आणि त्याच्या मागे कंदील. पण सगळे इतके वाकून बघत असायचे की काहीतरी सांगावंच लागायचं.’’ नख दोन दिवस काळं राहायचं म्हणे, जेवताना भाताला लागायचं. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या ज्योतिषी जॉन डीचंही हेच, त्याला स्वतःला काही दिसायचं नाही, तो एडवर्ड केलीला गोळ्यात बघायला बसवायचा आणि स्वतः वही घेऊन लिहायचा. केली म्हणजे त्याचा पायाळूच. ब्रिटिश म्युझियममध्ये डीचा म्हणून जो काळा आरसा आहे तो ज्वालामुखीच्या काचेचा, अ‍ॅझ्टेक लोकांचा, २०२१ साली तपासणी करून काच मेक्सिकोतल्या पाचुकाची आहे हेही ठरवलं. काळा, गुळगुळीत, त्यात आपलाच डोळा. काजळ लावलेलं नखच ते, फक्त मोठं.

कातरवेळ
घाटमाथा, आत्याचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. पण मर्लिनच्या प्रसंगात गोळा नाहीये 🙂 मगर आणि घुबड आहे. आणि स्टडीचं राहिलंच.

रानपिंगळा
घुबडावर बोलायला मीच पाहिजे. अथेना ही ग्रीकांची ज्ञानाची देवी, तिचा पक्षी घुबड, अथेन्सच्या नाण्यांवर घुबड, म्हणून युरोपात घुबड म्हणजे शहाणपण आणि म्हणून मर्लिनच्या घरी ते. आपल्याकडे घुबड घरावर बसलं तर शांत करतात लोक. पण सगळं मराठी घुबड अशुभ नाही! पिंगळा बघा. हा बुटका ठिपकेवाला पिंगळा शास्त्रीय नावानं अथेनी ब्रामा, म्हणजे अथेनाच्या घुबडाच्याच कुळातला. आणि आपल्याकडे पहाटे कंदील आणि डमरू घेऊन येणारा भविष्य सांगणाराही पिंगळाच, त्याला पिंगळ्याची भाषा कळते अशी समजूत. म्हणजे बोलणारं घुबड, आणि ते समजणारा, टोपी घातलेला जाणता माणूस, हे आपल्या दाराशी कायम येत होतं. भाच्याला सांगा आर्किमिडीज पिंगळा होता. (रानपिंगळा तर नामशेष झाला असंच धरून चालले होते, १८८४ नंतर पुरावा नाही, तो १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात परत सापडला, म्हणून माझं हे नाव.)

जुना_कोश
पिंगळ्याला ‘दिवाभीत’ हाही सुंदर शब्द आहे, कोणी वापरत नाही.

रानपिंगळा
तो घुबडाला हो, काका. पिंगळा दिवसाही बसलेला दिसतो, विजेच्या तारेवर, ढोलीच्या तोंडाशी. दिवसाला भिणारं नाही ते.

कृष्णाकाठ
मगर-सुसरवर कोणी बोलेना म्हणून लिहितोय, गाव सांगलीजवळ, नदीला लागून शेत. सुसर म्हणजे खरं तर लांब चिमट्यासारख्या तोंडाची, मासे खाणारी, हिंदीत घडियाल. ती आमच्या कृष्णेत नाही. आमच्याकडे आहे ती मगर, रुंद तोंडाची. पण आमची म्हातारी माणसं सरसकट सुसरच म्हणतात, ‘‘सुसर आलीया मळीत, पोरास्नी खाली सोडू नगंस’’ हे मी शंभरदा ऐकलंय. प्राणिशास्त्राप्रमाणे मगर, आईच्या जिभेप्रमाणे सुसर. तुमची आई चुकलेली नाही.

जुना_कोश
सुसर हा ‘शिशुमार’वरून आलेला शब्द, आणि मगर ‘मकर’वरून. दोन्ही घराणी जुनी. नक्र हा तिसरा, त्याचे अश्रू तेवढे उरले.

कातरवेळ
थांबा, मकर! व्हाइटनं तिथे क्रोकोडाइल लिहिलेलंच नाही, ‘कॉर्किंड्रिल’ लिहिलंय, जुन्या इंग्रजांनी न पाहिलेल्या प्राण्याचं तोंडात घोळून वाकडं झालेलं नाव. मग मकरच का नको? मकरतोरणावरचा, गंगेचं वाहन असलेला, कोणी पाहिलेला नाही असा.

कागदी_होडी
अगदी बरोबर वाटतंय मला हे. कारण ती टांगलेली मगरसुद्धा आधी ‘न पाहिलेलं’ म्हणूनच टांगली जायची. नेपल्सच्या फेर्रान्ते इम्पेरातोच्या १५९९ च्या पुस्तकात त्याच्या संग्रहाचं चित्र आहे, छतभर शिंपले, मासे आणि मधोमध उलटी चिकटवलेली भली मोठी मगर. रोमिओला विष विकणाऱ्या काष्ठौषधीवाल्याच्या दुकानातही शेक्सपिअरनं ती लटकवलीय. आणि इटलीत मान्तुआजवळच्या एका चर्चमध्ये अजून लटकतेय, तिथे ती हरलेला सैतान आहे. एकच कातडं, चर्चमध्ये पाप, दुकानात औषध, मर्लिनकडे विद्या.

मांडवी
आमच्या गोव्यात ती राखणदार. मानगें म्हणतात. कुंभारजुव्याच्या कालव्याकाठच्या गावांत पौषात चिखलाची मगर थापून पूजा करतात, पाठीवर खवले म्हणून शिंपल्या टोचतात, कारण खाजन शेतीचे (खारं पाणी बांधानं अडवून केलेल्या शेतीचे) बांध आणि मगर एकाच पाण्यात. मी लहानपणी पाठीवरच्या शिंपल्या बसवल्यात, ओला चिखल पटकन धरतो, सुकायला लागला की शिंपली गळते, म्हणून घाई करायची. आजी ओरडायची, डोळे आधी लाव, मग पाठ. मर्लिनच्या मगरीला काचेचे डोळे आहेत ना? मानगें म्हणा, कोकणी-मराठी दोघांनाही आपलं वाटेल.

कृष्णाकाठ
मानगें फक्त गोव्यात कळणार. आणि मकर म्हटलं की पोराला संक्रांत आठवणार, तिळगूळ. शिवाय तो मकर आणि ती मगर. आईनं ‘ती सुसर’ म्हटलंय.

कातरवेळ
लिंगाचं बरं आठवण केलीत कारण पुढचं वाक्य आजच अडलंय. मालक खोलीत आला की पेंढा भरलेली असूनही ती एक डोळा मिटून सलाम करते. मी म्हटलं ‘‘मगरीनं मर्लिनला डोळा मारला’’, तर आई म्हणाली काय शिकवतेस मुलाला!

घाटमाथा
‘डोळा मारला’ अजिबात नको, ते एसटी स्टँडवरचं. ‘मिचकावला’.

जुना_कोश
मिचकावणे हे दोघांच्या खोडसाळपणाचं, सारखं उघडझाप करणं. ती नमस्कार करतेय. ‘नेत्रसंकेत’.

मांडवी
पेंढ्याच्या प्राण्याला नेत्रसंकेत? कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेले प्राणी बघितलेत का? त्या काचेच्या डोळ्यांसमोर उभं राहा, एखाद्यानं डोळा हलवला तर तोंडातून काय निघेल ते लिहा.

कृष्णाकाठ
आमच्यात ‘डोळा घातला’ म्हणतात. त्यात सलामही बसतो आणि ओळखही.

कातरवेळ
‘डोळा घातला’ आईला विचारते. ती आत्ता भाच्याला झोपवतेय आणि ऐकू येतंय मला, ‘‘…मग ती सुसर वरून…’’