विळ्या-भोपळ्याची जोडी मध्यंतरानंतर का ढेपाळते?

सवंगडी_नको
एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेले दोघे, एक गुन्हा, मारामाऱ्या आणि विनोद, अशा पठडीतली संहिता हातात आहे. एक शिस्तीचा, सध्या निलंबित असलेला पोलीस हवालदार. दुसरा तोंडाळ खबऱ्या. तिसाव्या पानापर्यंत भांडणं रंगतात. साठाव्यापासून तेच टोमणे फिरून येतात, आणि मारामारी सुरू झाली की विनोद बंद पडतो. '४८ अवर्स', 'लीथल वेपन', 'मिडनाइट रन' हे सिनेमे मात्र कितीदाही बघवतात. त्यांत असं काय आहे? दोघांचे स्वभाव आणखी टोकाचे करू का?

चित्रकथी
स्वभावांना हात लावू नका, आधी कुलूप तपासा. कुठल्याही पानावर दोघांपैकी एकाला 'गेलास उडत' म्हणून चालतं होता येत असेल, तर त्यांच्या भांडणाला वजनच उरत नाही.

'४८ अवर्स'मध्ये (१९८२) कुलूप नावातच आहे. रेजी हॅमंड हा कैदी तेवढ्याच तासांपुरता बाहेर आलाय. पोलीस जॅक केट्सला रेजीचा जुना साथीदार पकडायचाय, आणि रेजीची नजर आहे गाडीच्या डिकीत दडवलेल्या पाच लाख डॉलरवर. काम एक, कारणं दोन, आणि त्यातलं एक झाकलेलं. शिवाय रेजी झालेला एडी मर्फी पहिली वीसेक मिनिटं पडद्यावर येतच नाही. तोवर केट्सचा चिडका खाक्या आपल्या ओळखीचा झालेला असतो, म्हणून रेजीचा प्रत्येक टोला नेमका बसतो.

पण अभ्यासायचाच तर 'मिडनाइट रन' (१९८८) घ्या. जामीन बुडवून पळालेल्यांना पैशासाठी पकडून आणणाऱ्या जॅक वॉल्शने फरार हिशेबनीस मार्डुकासला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला शुक्रवारी मध्यरात्रीच्या आत पोचवायचं, मोबदला एक लाख डॉलर. विमानाने गेले तर सिनेमा पाच तासांत आटोपला! म्हणून मार्डुकासला विमानाची भीती. मग ट्रेन, मग बस, मग मागून घेतलेली गाडी. मध्येच प्रतिस्पर्धी डॉर्फलर वॉल्शचं क्रेडिट कार्ड बंद करवतो. दर टप्प्याला वॉल्शचा खिसा हलका होतो आणि कैद्यावाचून त्याचं अडू लागतं. संवाद तेच राहिले तरी चालतात, कारण त्यांच्याखालची परिस्थिती बदललेली असते. सिगारेट सोड, तळलेलं खाऊ नकोस ही मार्डुकासची भुणभुण शेवटपर्यंत आहे; ऐकणाऱ्याची अवस्था मात्र दर वेळी वेगळी.

तुमचं साठावं पान उघडा. तिसाव्या पानावर दोघांकडे जे होतं (पैसे, वाहन, फोन, ओळखपत्र) त्यातलं काय गेलंय? काहीच नसेल तर दुखणं तिथे आहे. आणि दोघांपैकी खोटं कोण बोलतोय? मार्डुकासची भीती सोंग होती हे फार उशिरा कळतं, तो स्वतःच विमान पळवायला निघतो तेव्हा.

कट_टू
मारामारीत विनोद मरतो तो बहुधा लिहिण्यात आणि चित्रणात मिळून. हाणामारीचे शॉट दुसरं युनिट घेतं, बदली कलाकार पाठमोरे असतात. चेहरा दिसत नाही, मग हसायचं कशाला? संहितेतच सोय करून ठेवा:

– दोघे एकाच चौकटीत राहतील अशी जागा निवडा: जिना, लिफ्ट, रिक्षा, मोरी. मोकळ्या गोदामात ते दोन कोपऱ्यांत पांगतात आणि जोडीची गंमत संपते.
– धडाक्यावर वाक्य ठेवू नका. ठोसा किंवा गोळी, मग सेकंद-दीड सेकंद शांतता, मग वाक्य. नाहीतर मिक्सिंगच्या टेबलावर आवाजाच्या भिंतीत वाक्य बुडतं.
– आधीच्या भांडणातली एखादी वस्तू मारामारीत आणा. 'द नाइस गाइज'मध्ये (२०१६) पहिल्याच भेटीत एकजण दुसऱ्याचा हात मोडतो. मग प्लास्टर घातलेला तो हात घेऊनच पुढची धावपळ. एकही टोमणा न मारता भांडणाची आठवण चालू राहते.

खलनायकाला मात्र विनोदी करू नका. गोळी खरी लागते ही खात्री नसेल तर दोघांची घाबरगुंडी खोटी वाटते.

मधली_रांग
कुलुपाचं अर्धंच पटलं. 'लीथल वेपन'मध्ये (१९८७) कुलूप म्हणजे वरिष्ठांचा हुकूम, बाकी काही नाही. तिथे दोघांची काम करायची पद्धत आड येते. गच्चीवरून उडी मारायला निघालेल्या माणसाला रिग्ज हा पोलीस समजावत नाही. त्याला स्वतःशी बेडीने अडकवतो आणि त्याच्यासकट खाली हवेच्या गादीवर उडी टाकतो. पन्नाशीला आलेला, घरदार असलेला त्याचा जोडीदार मर्टॉ त्यानंतर भडकतो. बायको गेल्यापासून रिग्जला जगायचंच नाहीये आणि मर्टॉला निवृत्तीपर्यंत टिकायचंय, हे सगळं त्या उडीत आलं. ॲक्शन हेच भांडण. ते नसेल तर वेगळी ॲक्शन आणि वेगळा विनोद असे दोन सिनेमे आलटून पालटून चालतात.

एक चाचणी: दोघांना एकच बंद दार द्या. हवालदार कसं उघडेल, खबऱ्या कसं? उत्तर एकच येत असेल तर फरक फक्त बोलण्यात आहे.

सवंगडी_नको
दाराची चाचणी करून पाहिली, दोघेही लाथच मारतायत. :( आणि विनोद दोघांकडे वाटून द्यायचे की एकाकडेच?

मधली_रांग
वाक्यं एकाकडे, वैताग दुसऱ्याकडे. प्रेक्षक बऱ्याचदा वैतागणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसतो. 'झपाटलेला'तही (१९९३) महेश कोठारेंचा इन्स्पेक्टर कोरडा आहे म्हणून लक्ष्याची भंबेरी खुलते. अर्थात तिथे दोघांचं आपसात वैर नाही, त्यामुळे तुम्हाला हवी ती जात ही नव्हे.

चित्रकथी
पद्धतीचं म्हणणं मान्य. पण तुमचं कुलूप तुमच्याच संहितेत पडलंय: निलंबन. निलंबित कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय मुख्यालय (ठरवून दिलेलं गाव) सोडता येत नाही, हातात शासकीय शस्त्र नाही, गणवेशाचा दरारा नाही. म्हणजे दार लाथेने उघडायची त्याची सोयच गेली. आवाज झाला तर आधी तोच अडकेल. खबऱ्या हवालदाराला गावाबाहेर नेईल असं करा, आणि हे निलंबन खबऱ्याच्याच चुकीच्या टिपेमुळे झालंय हे खबऱ्याला ठाऊक असू द्या, हवालदाराला नको. उलगडा सत्तराव्या पानाच्या आसपास करा. त्याआधी एक प्रसंग असा घाला की हवालदाराला खबऱ्याच्या पद्धतीने खोटं बोलावं लागेल आणि ते त्याला बऱ्यापैकी जमेल.