‘रक्तातच असेल’ याला काय उत्तर द्यायचं?

जिना_मोजणारी

आमची मुलगी चार महिन्यांची असताना आमच्याकडे आली. आता नऊ वर्षांची आहे. दत्तक आहे हे तिला माहीत आहे, घरात लपवाछपवी नाही. अडचण वेगळीच आहे. पत्त्यांत हरली की पत्ते उधळते, गणित चुकलं की पान टराटरा फाडते. गेल्या आठवड्यात चुलतभावाचा चष्मा वाकवला. सासूबाईंचा तिच्यावर जीव आहे, पण असं काही झालं की हळूच म्हणतात, “खाण तशी माती. आपण तरी काय करणार?” त्यात नवऱ्याने कुठेतरी वाचलं की स्वभाव 50 टक्के आनुवंशिक असतो. तेव्हापासून तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या जन्मदात्यांबद्दल फाइलमध्ये दोन ओळी आहेत, त्यातली एक तिच्या वजनाची. म्हणजे निम्मी मुलगी मला ठाऊकच नाही, असं समजू का? जिना चढताना मात्र ती माझ्यासारख्याच पायऱ्या मोजते, ओठ हलवत. आणि गाते अगदी सुरात, जे आमच्यापैकी कुणालाच जमत नाही.

कोरी_पाटी

ताई, सोडून द्या. मूल म्हणजे कोरी पाटी, आपण लिहू तेच उमटतं. सगळा संस्कारांचा खेळ.

निवृत्त_मास्तर

पाटी कोरी नसते हो. दोन मुलं वाढवलेल्या कुणालाही विचारा, दोघं पहिल्या महिन्यापासून वेगळी रडतात. मी 31 वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि बराच काळ उलट टोकाचं चुकीचं शिकवलं. मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढायचे, उंच झाड, बुटकं झाड, आणि त्याच दमात ‘हुशारी रक्तातच असते’ असं म्हणून मोकळं व्हायचं. वाटाण्याच्या उंचीला एक जनुक पुरतं. माणसाच्या उंचीशी जोडलेल्या, जनुकसंचातल्या सुमारे 12,000 जागा 2022 सालच्या अभ्यासात सापडल्या. रागाचा एखादा वाटाणा कुठे असेल ही आशा सोडा.

आता तुमचा 50. आकडा हवेतला नाही. जुळ्यांवरचे पाचेक दशकांतले अभ्यास 2015 मध्ये एकत्र करून तपासले, 17,804 गुणधर्म, आणि सरासरी 49 टक्के निघाली. पण ती टक्केवारी एका मुलाची वाटणी नाही. पुष्कळ माणसं एकमेकांपासून जेवढी वेगळी आहेत, त्या वेगळेपणातला किती भाग जनुकांतल्या फरकाशी जातो, एवढंच ती सांगते. वर्गात मी बोटांचं उदाहरण द्यायचो. हाताला पाच बोटं येतात ती जनुकांमुळेच. पण ज्यांच्या हाताला चार आहेत, त्यातल्या बहुतेकांचं बोट यंत्रात किंवा अपघातात गेलेलं असतं. म्हणून बोटांच्या संख्येची ‘आनुवंशिक टक्केवारी’ काढली तर शून्याच्या आसपास येते! बोटं आनुवंशिक नाहीत, असं कुणी म्हणेल का? तेव्हा तुमची मुलगी निम्मी अनोळखी नाही. तिच्यात असा सांधाच नाही की जिथून कापून दोन ढीग करता येतील.

जे आनुवंशिक ते अटळ, हेही खोटं. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा आजार निव्वळ जनुकाचा. 1934 मध्ये नॉर्वेच्या फोलिंग या डॉक्टरांनी तो ओळखला, तेव्हा अशा मुलांच्या मेंदूचं नुकसान थांबवता येत नव्हतं. पुढे जन्मल्याबरोबर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी सुरू झाली. अन्नातल्या प्रथिनांमधला फिनाइलअ‍ॅलनिन हा घटक मोजून मापून दिला की तीच मुलं चारचौघांसारखी वाढतात. जनुक तेच राहिलं, ताट बदललं.

तुमच्या घराला जवळची गोष्ट स्वीडनची आहे. तिथे सख्ख्या भावांच्या 436 जोड्या तपासल्या, एक भाऊ जन्मदात्यांकडे वाढलेला, दुसरा दत्तक गेलेला. सैन्यभरतीच्या वयात दत्तक गेलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी 4.4 गुणांनी जास्त भरला, आणि दत्तक आईबापांचं शिक्षण जितकं जास्त तितका हा फरक मोठा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून फक्त एवढंच सांगून थांबणार नाही. एकाच घरात वाढलेली, रक्ताचं नातं नसलेली भावंडं लहानपणी बुद्ध्यंकात थोडी सारखी असतात, मोठेपणी ते सारखेपण जवळजवळ विरतं. घर मुलाला वर उचलतं, पण सगळ्यांना एका साच्यात घालत नाही.

सासूबाईंना म्हणीनेच उत्तर द्या. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण आणि गुण हे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपल्या माणसांना मेंडेलच्या आधीपासून कळत होतं.

सहा_मिनिटांनी_धाकटा

मी एकबीज जुळ्यांतला. भावाचा आणि माझा जनुकसंच एकच, गर्भ एक, घर एक, शाळेचा बाकही एकच. तो डावखुरा, मी उजवा. माझा फोन त्याचा चेहरा पाहून उघडतो, त्याच्या बोटाला मात्र दाद देत नाही, कारण बोटांचे ठसे गर्भातच वेगळे घडतात. तो भिडस्त, मी भांडखोर. मास्तरांनी अनुवंश आणि घर दोन्ही सांगितलं, पण आमच्यात ही दोन्ही सारखीच होती. उरतं ते योगायोग, आणि लोक. सहा मिनिटं आधी आला म्हणून तो ‘थोरला’. कुलूप लावायचं काम त्याचं, मला कायम सूट. पन्नाशीला आलोय, अजून किल्ल्या त्याच्याकडे.

फाइलीतली_दोन_ओळी

मीही दत्तक, आता 34 वर्षांची. आमच्याकडे भाऊ त्यांच्या पोटचा. त्याने दार आपटलं की “वयच आहे”. मी आपटलं की सगळे एकमेकांकडे बघायचे. कुणी काही बोलायचंही नाही. तो माझ्याहून जास्त आपटायचा, मी मोजलंय. जनुकं वगैरे मला कळत नाही. पण ती नजर बघून मी आणखी जोरात आपटायला लागले, हे पक्कं आठवतं.

जिना_मोजणारी

शेवटचं उत्तर वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. कारण चष्मा वाकला तेव्हा आम्हीही एकमेकांकडे बघितलं होतं, मी आणि नवरा. चष्म्याच्या आधी त्या पोराने तिला काय म्हटलं होतं, ते आज विचारलं. इथे लिहीत नाही. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. पवळ्याची म्हण त्यांना माहीत होतीच, म्हणाल्या, “मग ढवळ्याने आधी आपलं बघावं,” आणि नवऱ्याच्या लहानपणी फोडलेल्या तीन पाट्यांची गोष्ट सांगितली. ती मी बारा वर्षांत एकदाही ऐकली नव्हती.

मास्तर, एकच विचारते. गाणं शिकवायला नऊ वर्षं उशिराची आहेत का?

निवृत्त_मास्तर

नाहीत. कुठलाही स्वर नुसता ऐकून त्याचं नाव सांगण्याची जी दुर्मीळ शक्ती असते, तिला फार लहानपणी सुरुवात लागते. गळ्याला तशी अट नाही. घाला क्लासला. आणि हरल्यावर पत्ते उधळले तर तिलाच गोळा करायला सांगा, मोजून. मोजायची आवड आहेच तिला.