मदत हवी आहे: फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतरचं दुखणं, ट्रामाडॉल (वेदनाशामक) चालत नाही

बाबांच्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग दुर्बिणीतून काढला. ऑपरेशन छान झालं, छातीतली नळीही निघाली, आता घरी आहेत. पण ट्रामाडॉल त्यांना अजिबात झेपलं नाही. उलट्या, पोट साफ नाही, आणि रात्री भलतंच बरळणं. सर्जननी ते बंद करून ठरावीक वेळेला पॅरासिटामॉल आणि रात्री प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) दिलंय. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) आधीपासूनच वाढलेलं, म्हणून डायक्लोफिनॅकसारख्या, किडनीला त्रास देऊ शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही बाद.

बसून असले की ठीक असतात. खोकला आला की मात्र जीव जातो. नळी होती तिथून बरगडीच्या कडेकडेने पुढे छातीपर्यंत आग होते, बनियनचा स्पर्शही नको वाटतो. बरगड्यांमधली नस दुखावली की असं होतं म्हणे. दुखेल या भीतीने ते खोकला दाबतात, स्पायरोमीटरचा (श्वासाच्या व्यायामाचं बॉलवालं उपकरण) दुसरा बॉल निम्म्यावरच अडकतो, आणि कफ साठून न्यूमोनिया होईल ही धास्ती मला. उशी छातीशी घट्ट धरून खोकायला फिजिओताईंनी शिकवलंय, त्याने थोडं बरं वाटतं.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना विचारते: लिडोकेनचा पॅच (दुखरी जागा बधिर करणारी चिकटपट्टी) किंवा टेन्स मशीनने (त्वचेवरून सौम्य विजेचे झटके देणारं यंत्र) खरंच फरक पडला का? पेन क्लिनिकमध्ये इंटरकोस्टल नर्व्ह ब्लॉक (बरगड्यांमधली नस बधिर करणारं इंजेक्शन) कुणी घेतलाय का, आराम किती टिकला? औषधं डॉक्टरांना विचारूनच बदलणार आहे, त्यामुळे गोळ्यांची नावं नकोत, अनुभव सांगा. (हळदीचं दूध आत्याने आधीच सुरू केलंय!)