बुद्धिबळातल्या टू नाईट्स ओपनिंगमध्ये ८व्या चालीला उंट डी३ आला तर काळ्याने काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही अमळनेरचे. पोरगी १२ वर्षांची आहे, रविवारी जळगावला टूर्नामेंट होती, शेवटच्या राउंडला काळ्या मोहऱ्या आल्या आणि तिचा डाव ओपनिंगमध्येच बिघडला.

ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, मग पांढऱ्याचा घोडा जी५, काळ्याचं डी५, ते पांढरा प्याद्याने मारतो. मागे एकदा डी५ वर घोड्याने मारून एफ७ वरचं फ्राइड लिव्हर (पांढरा एफ७ वर घोडा बळी देऊन राजाला उघड्यावर ओढतो तो हल्ला) खाल्लं होतं तिने, म्हणून आता ती घोडा ए५ खेळते. पुढे उंट बी५ शह, सी६, मारामारी झाली, एक प्यादं गेलं पण त्याच्या बदल्यात आपली मोहरी पटापट निघतात, इथवर तिला पाठ आहे. उंट ई२ ला गेला की एच६, घोडा एफ३, ई४ असं घोड्याला हाकलायचं हेही माहीत.

पण समोरच्याने उंट डी३ ला ठेवला! आता एच६ केलं तर घोडा सरळ ई४ वर येऊन बसतो आणि आपलं ई४ ढकलणंच बंद. तिथेच ती अडकली, प्यादं परत मिळालंच नाही. घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही हो.

मला वाटतं एच६ ऐवजी घोडा डी५ बरा, वजिराची वाट उघडून जी५ च्या घोड्यावर मारा येतो आणि पुढे घोडा एफ४ पण दिसतं. बरोबर आहे का? आणि पांढऱ्याचा घोडा एफ३ ला परतला तर पुढचा प्लॅन काय, उंट डी६? कोणी हे स्वतः खेळत असेल तर नीट समजावून सांगा भो, पुढच्या महिन्यात धुळ्याला खेळायचंय तिला.