विषय : गणपतीचा महाप्रसाद आणि ज्येष्ठांचे ताट

प्रेषक : भोजन समिती

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या महाप्रसादाचा बेत सभासदांच्या विचारार्थ पाठवत आहोत. नोंदणी झालेल्यांत सत्तरीच्या पुढची मंडळी बरीच आहेत, आणि त्यांतले अनेक जण मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेले, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या भारतातून मोजून आणलेले आहेत. त्यांच्यासाठी 'पथ्याचे टेबल' वेगळे मांडावे, अशी एक सूचना आली होती. ती समितीला पटली नाही. सणाच्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना पंगतीतून उठवून कोपऱ्यात बसवणे योग्य नव्हे. त्यामुळे बेत सर्वांना एकच राहील आणि बदल स्वयंपाकात व वाढण्याच्या प्रमाणात केले जातील.

मोदक उकडीचेच असतील, मात्र लहान साच्यातले. दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी गूळ हे आपले नेहमीचे माप. या वेळी पाऊण वाटी घालू आणि वेलची-जायफळ जरा सढळ हाताने घालू. गूळ मधुमेह्यांना चालतो असे पुष्कळांना वाटते, परंतु रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे. मसालेभाताऐवजी साधा भात व मुगाचे घट्ट वरण ठेवले आहे. पापड आणि लोणचे मागितल्याशिवाय वाढले जाणार नाही.

भाजी मात्र आमच्या मते या बेतातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. ऋषिपंचमीची भाजी आपण चतुर्थीच्या जोडीला आणत आहोत : अळू, भेंडी, दोडका, पडवळ, सुरण, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे, थोडी चिंच आणि वरून ओले खोबरे. अनेक घरांत तिला फोडणीही देत नाहीत. तेल आणि तिखट दोन्ही बेताचे, भाज्या मऊ शिजलेल्या. वयस्कर माणसासाठी मुद्दाम पदार्थ शोधायला बसलो असतो तरी याहून वेगळा सापडला नसता.

आपली,
भोजन समिती

उत्तर : एक सभासद

समितीस नमस्कार.

मी येथे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. बेत उत्तम आहे, परंतु त्यात वेळेचा उल्लेख नाही, आणि माझ्या दृष्टीने गुळाच्या पाव वाटीपेक्षा तो प्रश्न मोठा आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात आरत्या लांबत गेल्या, नैवेद्य दीड वाजता झाला आणि सकाळी ग्लिमेपिराईड ही मधुमेहाची गोळी घेऊन आलेले माझे वडील घामाने डबडबून खुर्चीत बसून राहिले. 'आत्ता वाढतीलच' म्हणून त्यांनी काही मागितले नव्हते. या प्रकारची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचे जेवण लांबले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. तेव्हा नैवेद्य साडेअकराला दाखवावा, ज्येष्ठांची पंगत बाराला बसवावी आणि उरलेल्या आरत्या सायंकाळी म्हणाव्यात. गणपतीबाप्पाची त्यास हरकत असेल असे मला वाटत नाही.

मिठाविषयी एक सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ पोटात जावे. म्हणून काही जणांनी दुकानातले 'कमी सोडियमचे मीठ' वापरण्याचे सुचवले आहे. ते कृपया वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराईड असते, आणि ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत किंवा ज्यांना रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचण्याची भीती असते. साधेच मीठ कमी घालावे आणि लिंबाच्या फोडी ठेवाव्यात.

अळूमध्ये रक्त गोठण्यास मदत करणारे 'के' जीवनसत्त्व पुष्कळ असते. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडायची नसते, रोजचे प्रमाण एकदम बदलायचे नसते; त्यामुळे त्यांनी भाजी बेतानेच घ्यावी. वाढणाऱ्यांनी भाजीत काय आहे ते सांगितले, तर ज्याचे तो ठरवील.

उत्तर : मुलीकडे आलेली एक आजी

चि. मंडळींना अनेक आशीर्वाद.

माझे वय ७८. पथ्याचे टेबल रद्द केल्याबद्दल समितीचे आभार मानते, कारण तिथे बसण्याऐवजी मी घरी मेतकूट-भात खाल्ला असता. बाराच्या पंगतीची सूचनाही मान्य व्हावी, ही विनंती.

एक अडचण मात्र तुम्हा तरुणांच्या लक्षात येणार नाही. उकड नीट मळली नाही, तर मोदकाची पारी कवळीला चिकटते आणि चारचौघांत फार पंचाईत होते. उकड गरम असतानाच, हाताला तेल-पाणी लावून, ती लोण्यासारखी मऊ होईपर्यंत मळायला हवी. त्या कामासाठी मी सकाळी आठला स्वयंपाकघरात येऊन बसेन, मळायला दोन दणकट हात तेवढे द्यावेत. काकडीची कोशिंबीर चोचवण्याऐवजी किसून करावी आणि मोदकाच्या मापाबद्दल माझी तक्रार नाही.

तुपाचा उल्लेख मात्र पत्रात कुठेच दिसला नाही. तो राहून गेला असेल, असे मी धरून चालते. चमच्याने मोजून वाढले तरी चालेल.