मदत हवी आहे: क्रूझ कंपनी पत्रातलं नाव दुरुस्त करून देत नाही

आई-बाबांची अथेन्सजवळच्या पिरेयसहून ग्रीक बेटांची क्रूझ बुक केलीय. मधे तुर्कीतलं कुशादासी बंदर लागतं, म्हणजे शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) जाऊन परत आत. त्यामुळे मल्टिपल एंट्री व्हिसाच हवा. अर्जाला जोडायला बंदरांच्या यादीसह बुकिंगचं पत्र लागतंय. पासपोर्टवर आईच्या नावापुढे बाबांचं नाव आहे, कंपनीच्या पत्रात ते गाळलंय. दुरुस्ती मागितली की कस्टमर केअर म्हणतं एजंटला सांगा, एजंट म्हणतो कंपनीला विचारा. ईमेलला तेच ते छापील उत्तर. पैसे मात्र आधीच पूर्ण घेतलेत!

व्हिसाची अपॉइंटमेंट तोंडावर आलीय, आईचा जीव टांगणीला लागलाय. कुणी असं पत्र बदलून घेतलंय का? नेमकं कुणाला गाठावं? जुन्या पत्रासोबत आपलं खुलाशाचं पत्र जोडलं तर चालतं का?